कोकीचा काल

आमच्या मास्तरांना एकच चित्र काढता येतं. हे मी म्हणत नाही, सगळं बऱ्हाणपूर म्हणतं. एक आडवी रेघ, रेघेच्या वर एक रंग, रेघेच्या खाली एक रंग. झालं चित्र! ना देव, ना झाड, ना बाईमाणूस. शाळेत पोरांना कमळ अन् किटली शिकवतात तेव्हा हात कसा झरझर चालतो. घरी आले की पुन्हा आपली रेघ. गोधडीसाठी आणलेला मांजरपाट फाडून चौकटीवर ताणायचा, सरस उकळून घरभर घाण वास करायचा, अन् मग रेघ. मी म्हणायची, "अहो, रेघच मारायची तर मी मारून देते की, पोळ्या लाटता लाटता."

त्यावर ते हसायचे. अरविंद मास्तरांना राग येत नाही, तीच तर पंचाईत. माणूस रागावला म्हणजे निदान भांडता तरी येतं.

रेघ कसली, तर तापीच्या पलीकडची. राजघाटाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर पाणी, अन् पाण्यापल्याड जैनाबादचा काठ. तो काठ संपून जिथं आभाळ लागतं ती रेघ. सकाळी जाऊन बघायची, दुपारी उन्हात जाऊन बघायची, शाळा सुटल्यावर परत. मी एकदा चिडून विचारलं, त्या रेघेत असं काय पुरलंय म्हणून. तर म्हणाले, "लीला, ती रेघ म्हणजे आत्ता. खालचा रंग म्हणजे होऊन गेलेलं. वरचा रंग म्हणजे व्हायचं असलेलं. मला काळ रंगवायचाय."

"दिवेलागणीला काळबिळ म्हणू नका," मी म्हटलं. "अन् आत्ता म्हणाल, तर आत्ता घरात तेल नाही."

उठले, पिशवी घेतली अन् तेल आणायला गेले. असा माणूस.

आता आमची कोकी. कोकिळा नाव, चौथं सरून पाचवं लागलेलं. आमच्या गल्लीत एका बाजूला मागवाल्यांची घरं, दिवसभर खटखट. दुसऱ्या बाजूला आम्ही अन् सोजरबाई. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. पोरगी दोन्हीकडं खेळायची अन् दोन्हीची भेळ करून बोलायची. गल्लीतली पोरं गेलेल्या दिवसालाही कल म्हणतात अन् येणाऱ्या दिवसालाही कलच म्हणतात. कोकीनं तेच उचललं अन् आपल्या मराठीत ओतलं. "आई, काल सोजरमावशीनं जिलेबी दिली." हे बरोबर. "आई, काल दसरा येणार ना?" हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

"उद्या म्हण, उद्या! गेला तो काल. यायचा तो उद्या."

"हाव," म्हणायची अन् पुन्हा काल.

माझं माहेर रावेरचं. आगगाडीनं तासाभरात पोचतं, पण तिकडं मुंबई राज्य. आमची आई चारचौघांत म्हणायची, "लीलाची पोर काल येणार म्हणते वं, बऱ्हाणपूरला दिवस उलटे चालतात काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी कोकीला दर वेळी दामटायची. उद्या. उद्या. उद्या म्हण.

एकदा संध्याकाळी तिघंही घाटावर होतो. कोकीनं पलीकडं बोट केलं. "बाबा, आपण काल तिकडं जाऊ?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. गप्प राहा म्हणून. अन् पोरीकडं असे बघत बसले की जणू तिनं काही मोठं गुपित सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस नवीन कापडाशी झोंबी चालली. झालं तेव्हा मी बघितलं: वरचा रंग अन् खालचा रंग एकच! सुकलेल्या केळीच्या पानाचा असतो ना, तो सोनेरी-तपकिरी. मधून रेघ, त्याच रंगाची पण दाट. अन् रेघही सरळ नाही. डावीकडं जरा वर, उजवीकडं जरा खाली.

"कोकीला गेलेलं अन् यायचं एकच आहे," मास्तर म्हणाले. "हिंदीत त्याला शब्द आहे. आपल्यात नाही. आपण दोन केले." अन् पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काळ्या रंगात जाड अक्षरांत नाव लिहिलं. कल.

खोटं कशाला बोलू, ते चित्र मला आवडलं. पहिल्यांदाच आवडलं. वेणी घालायला उभी राहिले की त्याच्यासमोरच उभी राहायची. तसं त्यांना सांगितलं मात्र नाही.

ते साल छप्पन्न. आजवर आमची राजधानी नागपूर होती. आता दिवाळीच्या सुमारास नवं राज्य सुरू होणार, नागपूर मुंबईकडं जाणार, अन् आम्ही मात्र इकडंच, राजधानी भोपाळ. गावात दुसरा विषय नव्हता. मराठी मंडळी म्हणायची, आपण मुंबईकडं जायला पाहिजे होतं, अजून वेळ गेली नाही. दुसरे म्हणायचे, कशाला जायचं, इथं काय वाईट आहे? भाजी घ्यायला गेलं तरी तेच. अन् मास्तर लोकांचा जीव तर नुसता टांगणीला. मराठी वर्ग किती राहणार? कोण बऱ्हाणपुरात राहणार, कोण कुठं फेकला जाणार? दसरा झाला की एक इन्स्पेक्टर साहेब येणार होते, शाळा बघायला अन् पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला. त्यांनी शेरा मारायचा अन् त्यावर सगळं ठरायचं.

मास्तरांचं मागणं एकच होतं. बऱ्हाणपूर सुटू नये. मागं एकदा त्यांना परीक्षेच्या कामाला महिनाभर निंबोल्याला पाठवलं होतं. निंबोला काय मोठा लांब? पण परत आले ते कसे आले म्हणून सांगू! जेवायचे, भिंतीकडं बघायचे, झोपायचे. कोकी अंगावर चढली तरी हसायचे नाहीत. घाटावर जाऊन बसले तेव्हा कुठं चार दिवसांनी माणसात आले. महिन्यात ही दशा, तर जन्मभराचं काय? रात्रंदिवस एकच घोकणी: देवा, आम्हाला हलवू नको.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! दसऱ्याला शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांनी पोरांच्या चित्रांशेजारी आपलं हे चित्र टांगलं. दुसऱ्या दिवशी सोजरबाई पदर सावरत आली.

"काय वं लीला, तुझा घरवाला तर मोठा पुढारी निघाला!"

"कसला पुढारी?"

"अवं, सगळा बजार बोलतो! मास्तरनं छाती ठोकून दाखवलं म्हणे, बऱ्हाणपूरचा कल मुंबईकडं. फोटूला झेंडूची माळ घातली लोकांनी, बिलकूल देवासारखी."

माय वं! माझ्या हातातली परात खाली पडली. आम्ही घरातली माणसं हिंदीतला कल धरून बसलो होतो. मराठीत कल म्हणजे झुकणं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मनाचा कल, लोकांचा कल. अन् वर रेघ तिरकी! घाटावर जैनाबादकडं तोंड करून बसलं की उजवा हात मावळतीकडं. तापी तिकडंच वाहते, रावेरकडं, भुसावळकडं. म्हणजे रेघ उतरली ती सरळ मुंबई राज्यात. असं चित्र अन् खाली नाव कल. लोकांचं तरी काय चुकलं?

"अन् दुसरी पार्टी तापलीय," सोजरबाई म्हणाली. "सरकारचा पगार खातो अन् राजकारण करतो म्हणतात. साहेब आला की सांगणार म्हणे."



संध्याकाळी हेडमास्तर आले. भाईदास गुरुजी, भला माणूस, पण पापड मोडल्याचा आवाज झाला तरी दचकणार. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. "मास्तर, चित्र काढून घ्या म्हणावं, तर ही मंडळी म्हणतील घाबरून काढलं. ठेवा म्हणावं, तर ती मंडळी साहेबांच्या कानाला लागतील. मला एक सुचतं. तुम्ही रेघ तेवढी सरळ करून टाका."

"नाही होणार गुरुजी."

"अहो, एक फटकारा ब्रशाचा!"

"नदी वाहते गुरुजी. वाहते म्हणजे उतार आलाच. काळाचंही तेच आहे. रेघ सरळ केली तर डबकं होईल."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला. "मग नाव तरी बदला," ते म्हणाले. "नुसतं नदी म्हणा. संध्याकाळ म्हणा. काहीही म्हणा."

"नाव माझं नाही. कोकीचं आहे. मी कसं बदलू?"

गुरुजी गेल्यावर मी फुटलेच. "पाण्यात राहून माशाशी वैर! एका शब्दानं तुमचं काय सोनं झिजणार आहे? उद्या आपल्याला उचलून कुठल्या रानात टाकलं म्हणजे तिथं काढा रेघा! निंबोल्याला काय झालं ते विसरलात का?"

"भीती मलाही वाटते लीला," मास्तर हळूच म्हणाले. खोटं नव्हतं. चहा कपातच निवला होता. "पण त्या रेघेला हात लावला तर मग बऱ्हाणपुरात राहून तरी मी काय करू?"

मी भांडी घासायला घेतली अन् घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

साहेब यायच्या दिवशी आम्ही मास्तरांच्या बायकांनी सकाळीच जाऊन शाळेच्या दाराशी रांगोळ्या घालायच्या असं ठरलं होतं. कोकीला नवा झगा घातला. सगळं गाव जमणार, पोरीला नजर लागायची, म्हणून गालावर चांगली ठसठशीत तीट लावली. प्रदर्शन आता मोठ्या वर्गात मांडलं होतं. रांगोळी आटोपून मी आत डोकावले. मास्तर पलीकडं बाकं हलवत होते. चित्र समोरच्या भिंतीवर, खाली पुठ्ठा. कल. ते काळं अक्षर बघितलं अन् मी तिथंच थांबले. अर्ध्या तासात साहेब याच अक्षरासमोर उभे राहणार.

अन् बघता बघता माझ्या ध्यानात आलं, क अन् ल यांच्यात बोटभर जागा आहे. एक काना घातला की झालं काल. काल म्हणजे सरून गेलेला दिवस. त्यात कसलं आलंय राजकारण? रेघही तीच, चित्रही तेच, अन् कोकी म्हणते तोही शब्द तोच, कालच! मास्तरांच्याही तत्त्वाला धक्का नाही. मलाच माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पण काना काढू कशानं? शाई कुलपात. आगपेटीतली काडी होती माझ्या कनवटीला. कोकीला जवळ ओढलं, गालावरची तीट काडीनं खरवडून घेतली, अन् वरच्या रेघेपासून खाली काना दिला. ओलं काजळ, छान बसलं. त्यांची आडवी रेघ, माझी उभी. ध चा मा करणारी बाई आमच्या पेशवाईत होऊन गेली, तिचं पुढं काय झालं ते पोराटोरांनाही ठाऊक. मला मात्र तेव्हा ती आठवली नाही. आठवायला पाहिजे होती.

साहेब आले. जबलपूरकडचे, उंच, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं मऊ. मला वाटलं होतं कुणी खवीस असेल, पण तसं नव्हतं. पोरांची कमळं बघितली, किटल्या बघितल्या, शाबासकी दिली. मागं गुरुजी, मास्तर, गावातली दोन्हीकडची मंडळी. आम्ही बायका भिंतीशी. कोकी माझ्या पदरामागं. साहेब चित्रासमोर थांबले. कितीतरी वेळ थांबले. कुणीतरी आधीच कान भरले असणार, कारण ते रेघेकडं बघत मान तिरकी करत होते. मग पुठ्ठ्याकडं वाकले.

"काल?" ते म्हणाले. "मास्टरजी, ये काल किसका?"

हिंदीत काल म्हणजे काय ते त्या क्षणी मला आठवलं. गल्लीत कुणी गेलं की मागवाल्यांच्या म्हाताऱ्या म्हणतात ना, काल आ गया, काल खा गया. काल म्हणजे मरण!

मास्तर पुढं झाले, अन् तो काना त्यांनी पहिल्यांदा बघितला. चेहरा पांढराफटक. एकदा काना, एकदा मी, एकदा साहेब. कसंबसं बोलले, अन् खरं तेच बोलले बिचारे. "जी... मेरी बच्ची का है."

शब्द कोकीचा आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. पुन्हा चित्राकडं बघितलं, त्या सुकल्या पानाच्या रंगाकडं, नदीच्या रेघेकडं, अन् मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "नदी में?" त्यांनी विचारलं.

मास्तर गप्प.

"समझ गया," साहेब म्हणाले. मग गुरुजींकडं वळून हळू आवाजात, पण मला स्वच्छ ऐकू आलं: "इन्हें यहीं रहने दीजिए. मैं लिख दूँगा. वो किनारा छोड़कर ये आदमी कहाँ जाएगा."

गुरुजींचा चेहरा असा उजळला! सुंठीवाचून खोकला गेला. त्यांना ठाऊक होतं कोकी जिवंत आहे, धडधाकट आहे, कालच त्यांच्या खिशातल्या गोळ्या खाऊन गेली. गावातल्या मंडळींनाही ठाऊक होतं. पण कुणी हललं नाही. अन् मी? मी खोटं सांगणार नाही. "यहीं रहने दीजिए" ऐकलं अन् क्षणभर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. राहणार! बऱ्हाणपुरात राहणार! मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे म्हणत होते, गप्प राहा लीला. आता गप्प राहा.

साहेब माझ्यासमोर आले. माझे डोळे भरले होते, ते भीतीनं, पण त्यांना काय माहीत. हात जोडून म्हणाले, "बहनजी, कितने साल की थी?"

थी.

पदरामागं माझ्या मांडीला कोकीचा हात होता. गरम, चिकट, जिलेबी खाल्लेला. तिची तीट मीच पुसली होती. ज्या काजळानं पोरीवरची नजर उतरायची त्याच काजळानं मी तिचं मरण लिहिलं होतं, अन् आता साऱ्या गावासमोर एक भला माणूस तिला थी म्हणत होता, अन् तिचा बाप ऐकून घेत होता. चित्रातली रेघ केसभर हलवू न देणारा बाप! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"थी नाही साहेब!" मी ओरडलेच. "है! है म्हणा! ही काय उभी!" अन् कोकीला दंडाला धरून पुढं ओढलं.

कोकी घाबरली नाही. गल्लीतली पोर ती. हात जोडून म्हणाली, "नमस्ते. मैं कोकिला."

मागं कुठंतरी एक पोर फिसकन हसलं. मग दुसरं. मग मोठी माणसंही हसली, घुसमटलेला श्वास सुटावा तशी. तेच भोवलं. साहेबांचे कान लाल झाले. मी सांगायला गेले, "साहेब, वो काल नहीं, वो कल... हमारे में काल म्हणजे... इसका काल म्हणजे कल..." जितकं बोलले तितका गुंता. गुरुजी मधे पडले, त्यांनी आणखी गाठी मारल्या. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना.

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वाकून कोकीच्या डोक्यावर हात ठेवला. "जीती रहो बेटी," म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मग सरळ उभे राहिले अन् मास्तरांना म्हणाले, "मास्टरजी, नौकरी के लिए आदमी बहुत कुछ करता है. बच्ची को लेकर ऐसी बात नहीं करते."

चहा न घेताच गेले.

घरी आल्यावर मी आधी चुलीशी गेले. मीठ-मोहऱ्या काढल्या. मास्तर दारातच उभे. "मी गप्प बसलो नाही लीला," म्हणाले, "मला शब्दच सुचला नाही."

"रेघेसाठी सुचले होते शब्द! डबकं म्हणे! गुरुजींसमोर कशी ताठ होती मान, अन् पोरीला थी म्हटलं तेव्हा खाली?"

"तू काना का दिलास?"

"तुमच्यासाठी! तुमच्या त्या मेल्या नदीसाठी!"

दोघंही रडायला लागलो. कोकी आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती, आता कुणाकडं जावं म्हणून. शेवटी मास्तर पुढं आले अन् माझ्या मुठीतल्या मोहऱ्या त्यांनी स्वतःच्या मुठीत घेतल्या. "तिची दृष्ट मला काढू दे," म्हणाले. त्यांना ओवाळायचं कसं तेही ठाऊक नव्हतं, उलटी ओवाळत होते. मी मनगट धरून दाखवलं. मोहऱ्या चुलीत तडतडल्या तसा माझा राग उतरला. माझ्याही मनात क्षणभर काय आलं होतं, ते मला ठाऊक होतं ना.

बदलीचा हुकूम दिवाळीनंतर आला. तोवर रोज सायकलची घंटा वाजली की मी दाराशी. बस्तरच्या बाजूला कुठलंसं गाव, साल-सागाचं रान. साहेबांच्या मनात राहिलं, की कुणी कागाळी केली, की सगळ्यांचीच फेकाफेक चालली होती त्यात आम्हीही, देव जाणे. सोजरबाई म्हणाली, "एक घडी चुप राहिली असतीस तर काय झालं असतं वं?" मी म्हटलं, "राहवलं नाही." तेवढंच. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन.

मास्तरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. शेवटचे दिवस घाटावर जायचे अन् नुसते बसून यायचे, रंग नेत नव्हते. मी मधूनच त्यांच्या तोंडाकडं बघायची, निंबोल्याचं तोंड दिसतंय का म्हणून. कधी दिसायचं, कधी नाही. चित्रं त्यांनी एका चादरीत बांधली. वरचं ते कोकीचं. पुठ्ठाही तसाच होता, काजळाचा काना जरा पसरलेला. मी पुसायला गेले तर म्हणाले, "असू दे. आता तो बरोबर आहे."

निघायच्या दिवशी टांगा सांगितला होता. वळकटी, डबे, चादरीतली चित्रं, अन् मधे आम्ही तिघं. मी मुद्दाम टांगेवाल्याला घाटाकडून घ्यायला लावलं. पाणी आता उतरलं होतं, निवळलं होतं. पलीकडं जैनाबादचा काठ स्वच्छ दिसत होता, डावीकडं जरा वर, उजवीकडं जरा खाली. इतकी वर्षं मी रोज बघत होते, अन् खरंच तिरका आहे हे मला त्या दिवशी दिसलं. मास्तर बघत नव्हते. घोड्याच्या कानांकडं बघत बसले होते.

कोकी माझ्या मांडीवर उभी राहिली. गालावर तीट, दोन्ही गालांवर, हो. पलीकडं बोट करून म्हणाली, "आई, तिकडं जायचं राहिलंच. आपण काल जाऊ ना?"

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आता ही पोरीला दामटणार, उद्या म्हण म्हणणार, याची वाट बघत असावेत. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. पण उद्या कशी म्हणू? उद्या तर आम्ही भलत्याच रानात असणार होतो.

"हो गं माझी बाय," मी म्हटलं. "काल जाऊ."